काट्याकडे बघत सुरगाण्याला

नाशिकहून सुरगाणा म्हणजे काही हिमालय नव्हे. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला आरामात पोचतो. एसटीने गेला तरी पोचतो. आम्ही मात्र तीन दिवस असे काही गेलो-आलो की डोंगर जास्त पाहिले की गाडीतला तापमानाचा काटा, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही तिकडे गेला नसाल तर जरूर जा. फक्त निघण्यापूर्वी गाडीचं बोनट स्वतःच्या हाताने उघडून बघा, दुसऱ्यावर सोडू नका.

आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. बाबा शहात्तर वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. नोकरीतली अकरा वर्षं त्यांनी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर काढली. तिकडे अजून त्यांना सगळे यशवंत गुरुजी म्हणूनच ओळखतात. त्यांचा एक जुना विद्यार्थी हिरामण आता त्याच पाड्यावर भात, नागली आणि स्ट्रॉबेरी पिकवतो. दरवर्षी फेब्रुवारी लागला की त्याचा फोन येतो, "गुरुजी, कधी येता?" आणि त्या दिवसापासून बाबा पिशवी भरायला घेतात.

आमची गाडी म्हणजे बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतलेली पांढरी छोटी गाडी. आमच्या अख्ख्या घराण्यातलं पहिलं चारचाकी वाहन. घेतली त्या दिवशी बाबांनी ती कॉलनीतल्या विहारासमोर उभी केली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बसवून एक चक्कर मारून आणली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं. तेव्हापासून मी चालवते, रोज नाशिकरोडहून पॅथॉलॉजी लॅबपर्यंत आणि परत. मी तिथे टेक्निशियन आहे. डॅशबोर्डवर बुद्धाची एक बोटभर उंचीची मूर्ती चिकटवलेली आहे, आणि तिच्या मागेच तापमानाचा काटा. दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

गेल्या दिवाळीत ही गाडी सिन्नरच्या पुढे तापली. माझा भाऊ मिलिंद पुण्याला असतो. तो त्या दिवशी बायको-मुलांना घेऊन गाडीत होता, आणि सगळे दोन तास रस्त्याच्या कडेला उभे राहिले. तेव्हा त्याने जाहीर केलं, "आता एकदा जरी तापली तरी विकून टाकायची. बाबांना कुठे जायचं असेल तर मी टॅक्सी करून देईन." बाबा काही बोलले नाहीत. बाबा बोलले नाहीत म्हणजे त्यांना पटलं, असं आम्ही धरून चालतो, ही आमच्या घरातली जुनी चूक आहे. या खेपेला निघताना मिलिंदने फोन करून मला बजावलं, "सुजाता, परत आल्यावर खरं काय ते सांगायचं. बाबांची बाजू घ्यायची नाही." मी हो म्हटलं. म्हणजे ही सहल नव्हती, गाडीची परीक्षा होती, आणि परीक्षक मला नेमलं होतं.

द्वारका ते वणी

द्वारका चौकात नेहमीप्रमाणे सगळ्यांना एकाच वेळी पुढे जायचं होतं. रिक्षा, ट्रॅव्हल्स, कांद्याचे ट्रक. दहा मिनिटं जागच्या जागी उभं राहिल्यावर काटा मध्याच्या जरा वर सरकला. बाबांनी लगेच सांगितलं, "ट्रॅफिकमध्ये एवढं चालतं." मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मला काळजीचं कारणही नव्हतं. द्वारकेजवळ सलीमभाईंचं गॅरेज आहे, आमची वीस वर्षांची ओळख. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी रेडिएटरमधलं जुनं पाणी काढून हिरवंगार कुलंट भरलं होतं. साधं पाणी लवकर उकळतं आणि आतून गंज आणतं, म्हणून त्यात हे कुलंट घालायचं असतं, एवढं ज्ञान मला त्यांनीच दिलेलं. "ताई, आता वर्षभर झाकणाला हात लावू नका," असंही ते म्हणाले होते.

मागच्या सीटवर बाबांची पिशवी, हिरामणच्या नातवंडांसाठी पाट्या-वह्या, आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन. हा कॅन हल्ली बाबांबरोबर सगळीकडे असतो. "बाहेरचं पाणी आता मला सोसत नाही," असं त्यांनी हिवाळ्यात एकदा सांगितलं, आणि म्हातारपणी असं होतं म्हणून आम्हीही मान डोलावली.

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या. काही बागांतल्या घडांना कागद गुंडाळले होते. बाबा दर दोन मैलांनी कुठली बाग पूर्वी बाजरीचं शेत होती ते सांगत होते. वणीत थांबून आम्ही पाववडे खाल्ले. पुण्या-मुंबईच्या लोकांना वडापाव कळतो, पावातच भाजी भरून तो अख्खा पाव बेसनात बुडवून तळायचा, हे नाशिककरालाच सुचू शकतं. तळलेली मिरची चावत बाबा सप्तशृंगीच्या डोंगराकडे बघत उभे राहिले. झेंडे लावलेल्या गाड्या गडाकडे वळत होत्या. "चल, पाय मोकळे करतो," म्हणून ते गाडीपाशी गेले. मी चहाचे पैसे देऊन येईपर्यंत ते कॅन मागच्या सीटवर ठेवत होते. मला वाटलं, पाणी प्यायले असतील.

चढ

वणी सोडल्यावर काही अंतराने रस्ता चढायला लागतो. मी दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे उसाचा ट्रॅक्टर, ओव्हरटेकला जागा नाही. काटा मध्यावरून निघाला आणि सरळ लाल रेघेकडे चालू लागला. मी एसी बंद केला. काटा ऐकेना. मग बोनटच्या कडेने वाफ यायला लागली आणि मी गाडी बाजूला घेतली.

उतरून मी झाकणाकडे हात नेला तोच बाबा एवढ्या जोरात ओरडले की मी दोन पावलं मागे सरकले. "हात लावू नकोस! गरम असताना अजिबात उघडायचं नाही!" त्यांचा असा आवाज मी चौथीत असताना, विहिरीच्या कठड्यावर चढले तेव्हा शेवटचा ऐकला होता.

शहरात गाडी बंद पडली तर लोक हॉर्न वाजवतात. इथे दर जीपवाला थांबत होता आणि जाताना एकेक निदान ठेवून जात होता. पहिला म्हणाला, "पंखा फिरत नसन." पंखा फिरत होता. दुसरा म्हणाला, "आतला पाण्याचा वॉल काढून फेका ताई, आपल्या इकडं त्याची गरजच नाय." तिसऱ्याने गाडीच्या पुढच्या बाजूला बघून विचारलं, "लिंबू-मिरची नाय बांधली?" बाबांनी त्याला नम्रपणे सांगितलं, की इंजिनाला ते कळत नाही. तो हसत निघून गेला.

रस्त्याकडेला एक बाई ताडपत्रीच्या सावलीत स्ट्रॉबेरी विकत बसली होती. तिने आम्हाला बोलावून बसवलं, पुठ्ठ्यावर मूठभर स्ट्रॉबेरी ठेवल्या आणि वर मीठ भुरभुरवलं. "गाडी थंड व्हायला घटकाभर लागंल. बसा. आमच्या मालकाची जीप बी अशीच दमती." स्ट्रॉबेरीला मीठ हे मी कधी ऐकलं नव्हतं. खाऊन बघा. घरी आल्यापासून मी तशीच खाते.

तासाभराने झाकण उघडलं तर आत पाणी फार खाली गेलेलं. बाबांनी आपल्या कॅनमधलं ओतलं. "तीन आठवड्यांपूर्वी भरलेलं गेलं कुठे?" मी विचारलं.

"उन्हाने उडालं असेल," बाबा म्हणाले.

विज्ञान शिकवायचे हो माझे बाबा, पाचवी ते सातवी.

पाड्यावर

हिरामण आता पन्नाशीचा आहे, पण गुरुजी उतरले की तो अजून हात मागे बांधून उभा राहतो. त्याच्या घरी आम्हाला काय मिळालं ते सांगते म्हणजे तुम्ही तडक निघाल: चुलीवरची नागलीची भाकर, उडदाची डाळ, खुरसाणीची म्हणजे कारळ्याची चटणी आणि वाफाळता भात. आमच्याकडे पाहुणा आला की आग्रह करून वाढतात. इथे कुणी आग्रह करत नाही, फक्त ताट रिकामं राहू देत नाहीत. बाबा विहिरीचं गार पाणी दोन तांबे प्यायले. "तुम्हाला सोसत नाही ना?" मी म्हटलं. "हे वेगळं," ते म्हणाले. हिरामणची बायको खूश झाली, आणि माझ्याही मनात पुढचा विचार आला नाही.

झोपण्यापूर्वी मी एक युक्ती केली. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. कुठून गळत असेल तर सकाळी डाग दिसेल. सकाळी उठून बघते तर कागद कोरडा ठणठणीत. बोनट उघडून इंजिनाजवळची पाण्याची बाटली पाहिली, ती वरच्या रेघेपर्यंत भरलेली. बाबा अंगणात दात घासत होते. "भरलेली आहे ना?" त्यांनी लांबूनच विचारलं. "आहे," मी म्हटलं, आणि मला हायसं वाटलं. एकदाच तापली, ट्रॅक्टरमुळे तापली, असं मी मनात मिलिंदसाठी वाक्यही तयार केलं.

दुपारी हिरामणला घेऊन हतगडच्या बाजूला निघालो. किल्ल्याच्या अलीकडच्या चढावर काटा पुन्हा लाल रेघेवर. पुन्हा वाफ, पुन्हा तासभर थांबणं. आता मात्र मी घाबरले. गळत नाही, पाणी पूर्ण भरलेलं, तरी तापते, म्हणजे दुखणं आत इंजिनात आहे. हेड गॅस्केट गेलं असेल तर इंजिन उघडावं लागतं, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन कुणी उघडत नाही, गाडीच काढून टाकतात. बाबा दरीकडे तोंड करून दगडावर बसले होते. त्यांना असं पाठमोरं बघून मला फार वाईट वाटलं. किल्ला आम्ही खालूनच पाहिला. छान आहे.

"बोरगाव फाट्यावर काशिनाथ हाय," हिरामण म्हणाला. "जीपा, पाण्याच्या मोटारी, समदं करतो. त्याला दाखवू."

बोरगाव फाटा

काशिनाथचं गॅरेज म्हणजे चार बांबूंवर पत्रे आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. माणूस चाळिशीचा, शांत. आमच्या शहरातल्या गॅरेजमध्ये गाडी थांबायच्या आत पाना लावतात. काशिनाथने आधी हात पुसले, आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. आमचे लॅबमधले मोठे डॉक्टर असेच आहेत, आधी रुग्णाला बोलू देतात.

"सपाट रस्त्याला तापती का?"

"नाही. चढावरच."

"खाली पाणी सांडलेलं दिसतं?"

"नाही. रात्रभर कागद ठेवला होता."

"आन सकाळी बाटली?"

"भरलेली."

मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, सकाळी बोनट कोन उघडतं?"

"आज मी उघडलं, बाटली बघायला. एरवी कोणीच नाही. बाबा तेल बघतात फक्त."

काशिनाथने बाबांकडे पाहिलं. बाबा एका जुन्या टायरकडे बघत होते. मग काशिनाथ एकदम उठला, "इंजिन बघू," म्हणाला, आणि त्याने तेलाचं झाकण काढून मला दाखवलं. "पानी तेलात गेलं असतं तर हे ताकावानी पांढरं झालं असतं. हे साफ हाय. धूर बी पांढरा नाय. तुमचं इंजिन चांगलं हाय." मग त्याने थंड झालेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि तळहातावर थेंब घेऊन माझ्यासमोर धरला. थेंब विटकरी होता.

"यात कुलंट नाय," तो म्हणाला. "हे निस्तं पानी हाय. गंज सुटलाय."

माझं डोकंच फिरलं. तीन आठवड्यांपूर्वी हिरवं कुलंट भरलं होतं! म्हणजे सलीमभाईंनी मला फसवलं. मी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"सलीमभाई, कुलंट सांगून नळाचं पाणी भरलंत? वीस वर्षांची ओळख आणि ही तऱ्हा?"

"ताई, कसम से, अपने हाथ से डाला मैंने," सलीमभाई गडबडून गेले. "हिरवागार होता. तुमचे बाबा समोर खुर्चीवर बसले होते, विचारा त्यांना."

"बाबांना काय कळतंय त्यातलं? म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून फसवायला लाज नाही वाटली? चढावर इंजिन गेलं असतं तर? उद्यापासून तुमच्या दारात गाडी आणणार नाही, आणि आमच्या कॉलनीतली एकही गाडी येणार नाही, हे बघाच!"

"ताई, सुनो तो..."

"काही ऐकायचं नाही मला!"

"सुजा," बाबा म्हणाले. "फोन इकडे दे."

ते उभे राहिले होते. मी फोन दिला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला.

"सलीमभाई, मी यशवंत बोलतोय. तुम्ही कुलंटच टाकलं होतं, मी पाहिलं आहे. पाणी मी टाकलं. रोज सकाळी, सुजा उठायच्या आत. रोज कमी व्हायचं, रोज मी भरायचो. तुमची काही चूक नाही. माझ्या मुलीने तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं, त्याबद्दल मी माफी मागतो."

हिरामण जमिनीकडे बघत होता, आणि काशिनाथ नटबोल्टच्या डब्यात उगाच काहीतरी शोधत होता. शेवटी सलीमभाईच बोलले.

"गुरुजी, गरम असताना तर नाही ना उघडलं कधी झाकण?"

बाबांनी नकळत उजव्या हाताची बाही खाली ओढली. जानेवारीत त्यांच्या मनगटावर भाजल्याचा मोठा फोड आला होता. कुकरची वाफ लागली, असं ते म्हणाले होते. आठ दिवस मलम मीच लावत होते.

मला संताप आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी लॅबमध्ये रोज विचारते, "उपाशी पोटी आलात ना?" आणि चहा पिऊन आलेला माणूस डोळे मिटून हो म्हणतो. मी ते चेहऱ्यावरून ओळखते, याचा मला केवढा अभिमान. आणि घरात, माझ्याच शेजारच्या सीटवर बसून, माझा बाप दिवाळीपासून तेच करत होता. कॅन, पाय मोकळे करणं, तेल बघणं, सगळं समोर होतं.

"का बाबा?" मी विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

"तू मिलिंदला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? टॅक्सी करून देतोच म्हणाला होता ना तो?"

"टॅक्सी," बाबा म्हणाले. "एकदा करून देईल. दोनदा देईल. टॅक्सीवाला मला हिरामणच्या दारात सोडेल आणि घड्याळ बघत उभा राहील. मग मिलिंद म्हणेल, बाबा, एवढी दगदग कशाला, हिरामणलाच नाशिकला बोलवू. हिरामण येईलही. पण मग मी इकडे कधी येणार, सुजा? मला माणूस भेटायचा नसतो नुसता. मला हा रस्ता बघायचा असतो. अकरा वर्षं मी हा रस्ता पायी तुडवलाय, तेव्हा इथे एसटीसुद्धा नव्हती. मी ठरवलं होतं की कधीतरी या रस्त्याने माझ्या गाडीतून जाईन." मग ते म्हणाले, "रोजचं तांब्याभर पाणी. मला वाटलं, तेवढ्यावर निभेल."

मी त्यांच्या मनगटावरची बाही वर केली आणि तो डाग पुन्हा एकदा पाहिला. बरा झाला होता.

काशिनाथने तेवढ्यात दुखणं शोधून काढलं होतं. रेडिएटरच्या झाकणाला आतून एक रबर असतं, ते दगडासारखं कडक झालं होतं. "कुकरची शिट्टी नीट बसली नाय तर काय व्हतं? समदं पानी वाफ होऊन उडून जातं, तसंच. झाकण दाब धरत नाय. चढाला पानी उकळतं, हितून भाएर पडतं, रस्त्यावरच सुकून जातं. मंग कागदावर दिसंल कसं?" त्याने डब्यातून त्याच मापाचं, चांगल्या रबराचं झाकण काढून बसवलं. गंजकं पाणी काढून रेडिएटर दोनदा धुतला आणि स्वच्छ पाणी भरलं. घरापर्यंत एवढं पुरेल, पुढे नाशिकला रेडिएटर नीट बघून घ्या, कुलंट घाला, असं सांगितलं.

मी त्याला हळूच विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"बोनट कोन उघडतं इचारलं ना, तवाच," तो म्हणाला. "पन गुरुजींच्या वयाच्या मानसाला चार लोकांत कसं बोलू? म्हनलं, हळूहळू निघंल. तुम्ही फोनच लावला."

मी बाहेर जाऊन सलीमभाईंना पुन्हा फोन लावला आणि माझ्या बोलण्याची माफी मीच मागितली. ते म्हणाले, "जाने दो ताई. गाडी ले आओ सोमवार को." आणि वर म्हणाले, "गुरुजी को डाटना मत."

पेठमार्गे परत

ती रात्र पाड्यावर काढून तिसऱ्या दिवशी परतीला आम्ही पेठचा रस्ता धरला. हा रस्ता मला जास्त आवडतो, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना साग आणि पानगळीने मोकळे झालेले डोंगर. काशिनाथने निघताना एक शेवटचा उपाय सांगितला होता: काटा चढायला लागला तर गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन हलकं होतं. मी तो आधीच सोडला, त्यामुळे फेब्रुवारीच्या टळटळीत दुपारी, चारही काचा खाली करून, पायांवर गरम हवेचा झोत घेत आम्ही सावळघाट चढलो. मी घामाने भिजून गेले होते. बाबा मात्र खिडकीत हात टाकून बसले होते, आणि वाटेतल्या प्रत्येक पाड्याचं नाव आणि तिथल्या शाळेला तेव्हा किती मुलं होती ते सांगत होते. त्यांना हवं तिथे मी थांबले. पाच ठिकाणी थांबले. एका ठिकाणी थांबायचं कारण फक्त एक आंब्याचं झाड होतं, ज्याखाली ते डबा खायचे.

काटा मध्याच्या वर गेला नाही.

घाट संपल्यावर एका टपरीवर चहा घेतला. तिथे मोबाइलला रेंज आली आणि लगेच मिलिंदचा फोन वाजला.

"पोचलात का? तापली का गाडी?"

मी बाबांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते.

"नाही," मी म्हटलं. "काही त्रास नाही दिला."

बाबांनी बशी खाली ठेवली आणि हात पुढे केला. मी फोन दिला.

"मिलिंद, सुजा खोटं बोलतेय. दोनदा तापली. झाकणाचं रबर गेलं होतं, आणि दिवाळीपासून मी तुमच्यापासून लपवून पाणी भरत होतो. एकदा हातही भाजला. हे सगळं मी तुला सांगायला हवं होतं."

फोन स्पीकरवर नव्हता, पण मिलिंदचा आवाज मोठा आहे, मला सगळं ऐकू येत होतं.

"मग का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गाडी विकली असतीस."

मिलिंद म्हणाला, "हो. विकली असती."

"म्हणून."

"हात कसा आहे?"

"बरा झाला."

"बाबा, गाडी नाही विकत. नवा रेडिएटर टाकू. पण यापुढे बोनट तुम्ही उघडायचं नाही, सुजाता उघडेल."

"कबूल," बाबा म्हणाले. "पण हे तोंडी नको. लिहून पाठव."

"बाबा!"

"लिहून पाठव."

आमचा दुसरा चहा येईपर्यंत मेसेज आला. बाबांनी फोन हातभर लांब धरून वाचला: 'गाडी विकणार नाही.' त्यांनी मान हलवली आणि मला मिलिंदला पुन्हा फोन लावून द्यायला सांगितलं.

"खाली नाव नाही," ते मिलिंदला म्हणाले. "विनानावाचा अर्ज मी शाळेत कधी घेतला नाही."

मिनिटभरात दुसरा मेसेज आला. हा बाबांनी मोठ्याने वाचला, टपरीवाल्यालाही ऐकू जाईल असा.

"गाडी विकणार नाही. मिलिंद यशवंत गांगुर्डे."

मग त्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. फोन माझा होता, पण मी घरी पोचेपर्यंत मागितला नाही.